तान्ह्या बाळाचें रात्रीचें वस्त्र

मार्गशीर्ष उजाडला आणि पहांटेस अंगणांत धुकें उतरूं लागलें, कीं ज्या घरांत तान्हें मूल असतें त्या घरांतील संध्याकाळ एका लहानशा वादानें सुरू होते. बाळाच्या अंगावर झबलें, लोंकरीचा कोट आणि कानटोपी आधींच चढलेली असते. आजीच्या मतें वरून हातमोजे आणि आणखी दोन दुपटीं हवींच. "अग, हात बघ कसे बर्फासारखे लागताहेत!" ती म्हणते. "पण आई, मान तर घामानें भिजली आहे," सून हळूच सांगते. दोघींच्याहि मायेबद्दल शंका घेण्याचें कारण नाहीं, आणि विशेष असें कीं, दोघीहि खरेंच सांगत असतात. हात गार असतात आणि मान घामेजलेलीहि असते. एकाच देहांत एकाच वेळीं हें कसें घडतें, तें एकदां समजलें म्हणजे बाळाला रात्रीं काय घालावें हा प्रश्न बराचसा सुटतो.

वस्त्र स्वतः ऊब निर्माण करीत नाहीं. ती निर्माण करतें शरीर. दुधांतून मिळालेल्या अन्नाचें ज्वलन अहोरात्र चालूं असतें, आणि त्यांतून निघालेली उष्णता फार लवकर निसटूं नये एवढेंच वस्त्राचें काम. हें कामहि धाग्यापेक्षां धाग्याधाग्यांत अडकून पडलेली हवाच अधिक करते. स्थिर हवा उष्णतेची फार मंद वाहक आहे; पाणी तिच्या सुमारें पंचवीस पटीनें उष्णता वाहून नेतें. म्हणूनच घट्ट विणीच्या एका जाड कपड्यापेक्षां सैल व पातळ असे दोन कपडे पुष्कळदां अधिक उबदार ठरतात. त्या दोहोंमधील हवा हा जणूं फुकट मिळालेला तिसरा कपडा असतो. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून टांके घातलेल्या गोधडीचें रहस्यहि हेंच. आणि याच कारणानें ओलें दुपटें कितीहि जाड असलें तरी गारच. त्यांतील हवेची जागा पाण्यानें घेतलेली असते.

आतां बाळाच्या देहाकडे वळावें. लहान भांड्यांतील चहा मोठ्या पातेल्यांतील चहापेक्षां लवकर निवतो, हें प्रत्येक गृहिणीच्या परिचयाचें आहे. वस्तु जितकी लहान, तितकें तिच्या वजनाच्या मानानें तिचें पृष्ठ मोठें. तीन किलो वजनाच्या अर्भकाच्या त्वचेचें क्षेत्रफळ वजनाच्या प्रमाणांत पाहिल्यास प्रौढ माणसाच्या सुमारें अडीचपट भरतें. त्यांत डोक्याचा वांटा मोठा: प्रौढाच्या एकंदर त्वचेपैकीं डोक्याकडे सुमारें शेंकडा ७ भाग असतो, तर अर्भकाच्या डोक्याकडे शेंकडा १९ च्या आसपास. शिवाय नवजात बालकाला प्रौढासारखें थंडीनें कुडकुडतां येत नाहीं. त्याच्या मानेजवळ, दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्यें आणि मूत्रपिंडांभोंवतीं तपकिरी रंगाची एक विशेष चरबी असते. थंडी वाजली कीं तें ती जाळून ऊब मिळवतें. या ज्वलनाला प्राणवायु व साखर दोन्ही खर्च होतात. म्हणजे थंडींत उघडें राहिलेलें मूल नुसतें गारठत नाहीं. वाढीसाठीं मिळालेलें दूध तें शेकोटींत घालीत असतें.

थंडीचें भय म्हणूनच खरें आहे. पॅरिस येथील डॉ. पिएर बुदँ यांनीं अशक्त अर्भकांवरील आपलीं व्याख्यानें १९०० सालीं प्रसिद्ध केलीं. ज्या मुलांचें शरीर गार पडल्यावर त्यांना रुग्णालयांत आणलें गेलें, त्यांतील फारच थोडीं वाचतात, हें त्यांनीं त्या काळींच दाखवून दिलें होतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें नवजात बालकाच्या शरीराचें योग्य तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ अंश फॅरनहाइट होय. तें ३६.५ च्या खालीं उतरलें कीं थंडीचा ताण सुरू झाला असें समजावें, आणि ३६ च्या खालीं गेल्यास तें प्रकरण वैद्यकीय उपचाराचें ठरतें.

परंतु वाद एवढ्यानें मिटत नाहीं, कारण दुसऱ्या टोंकालाहि धोका आहे आणि तो मायेच्या रूपानें येतो. फार गरम झालें तर प्रौढ माणूस पांघरूण लाथेनें दूर सारतो. पहिल्या कांहीं महिन्यांच्या मुलाला तें साधत नाहीं. त्याची घाम येण्याची शक्तीहि अपुरी असते. अंग पूर्ण गुंडाळलेलें असतां उष्णता बाहेर पडण्याची एकच मोठी खिडकी उघडी राहते, ती म्हणजे तोंड व डोकें. तीहि कानटोपीनें किंवा वर सरकलेल्या दुपट्यानें बंद झाली तर आंतली ऊब आंतच सांचत जाते. इंग्लंडांतील ब्रिस्टल व त्याच्या आसपासच्या भागांत झोंपेंत अकस्मात् दगावलेल्या तान्ह्या मुलांचा अभ्यास डॉ. पीटर फ्लेमिंग आणि त्यांचे सहकारी यांनीं केला व १९९० सालीं तो प्रसिद्ध झाला. पालथें निजवणें आणि फार जड वस्त्रापांघरुणांत ठेवणें या दोन गोष्टींचा अशा मृत्यूंशीं संबंध असल्याचें त्यांत दिसून आलें. १९९१ च्या अखेरीस ब्रिटनमध्यें मुलांना उताणें निजवावें व फार गुंडाळूं नये असा प्रचार सुरू झाला, आणि तेथील अशा मृत्यूंची संख्या थोड्याच वर्षांत निम्म्याहून खालीं आली. अमेरिकेंत हाच प्रचार १९९४ सालीं सुरू झाला. ज्या सुधारणेला औषध लागलें नाहीं, यंत्र लागलें नाहीं, केवळ निजवण्याची रीत बदलावी लागली, अशी सुधारणा वैद्यकाच्या इतिहासांत विरळाच.

तेव्हां थंडी व उष्मा या दोहोंच्या मधली वाट कशी ओळखावी? त्यासाठीं प्रथम हातांची साक्ष बाजूस ठेवावी. बाळाचे हात वस्त्राबाहेर असतात, आणि पहिल्या दिवसांत त्यांतील रक्ताभिसरणहि पुरतें सुरळीत झालेलें नसतें. खोलींतील हवेनें ते गार पडतात, एवढाच त्यांच्या गारव्याचा अर्थ. पांच थरांखालीं असलेलें धड त्याच वेळीं घामानें डबडबलेलें असूं शकतें. आजीनें हात चांचपला, सुनेनें मान. वाद उभा राहिला तो एवढ्यामुळें.

भारतांतील नवजात-शुश्रूषेच्या शिक्षणांत परिचारिकांना शिकविली जाणारी रीत सोपी आहे व ती घरींहि उपयोगी पडते. हात स्वच्छ धुऊन कोरडे करावे, आपसांत चोळून त्यांचा गारठा घालवावा, आणि हाताच्या पाठच्या बाजूनें बाळाचें पोट व तळपाय पहावे. दोन्ही उबदार असतील तर सारें ठीक. पोट उबदार व पाय गार लागले तर शरीर थंडीशीं झुंजूं लागलें आहे, एक थर वाढवावा. पोट व पाय दोन्ही गार असतील तर बाळ खरोखर गारठलें आहे. त्याला आईच्या उघड्या छातीशीं कातडीला कातडी लावून धरावें, वरून दोघांना पांघरूण घालावें आणि डॉक्टरला विलंब न लावतां गांठावें. याला चौथी खूण जोडावी ती मानेमागची: तेथें घाम असेल, छाती तापलेली लागत असेल, गाल लाल व श्वास जलद असेल, तर एक थर काढावा. थर काढूनहि अंग तापलेलेंच राहिलें तर तो दोष वस्त्राचा नाहीं. ताप आहे असें समजून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

दुसरी गोष्ट पंचांगाची. ऋतु पाहून वस्त्र निवडावें असें म्हणण्याची चाल आहे, परंतु बाळ ऋतूंत झोंपत नाहीं, खोलींत झोंपतें. जानेवारींत पुण्यास रात्रीचें सरासरी किमान तापमान सुमारें ११ अंश सेल्सिअस असतें. त्याच महिन्यांत मुंबईस तें १७ च्या आसपास असतें. पुण्यास त्याच दिवशीं दुपारीं पारा ३० पर्यंत चढलेला असतो. जाड भिंतींच्या जुन्या वाड्यांत दुपारची ऊब रात्रीं बराच वेळ टिकते. पत्र्याच्या छपराखालीं ती दिवेलागणीनंतर लवकरच उडून जाते. म्हणून एक साधा तापमापक बाळाच्या पाळण्याजवळ, बाहेरच्या भिंतीपासून दूर टांगावा आणि तो एकदां रात्रीं निजतांना व एकदां पहांटे पांचच्या सुमारास पहावा. तीन-चार दिवसांत खोलीचा स्वभाव कळतो. पहांटेच्या आंकड्याला अनुसरून एक थर हाताशीं ठेवावा; परंतु तो रात्रीं आठ वाजतांच चढवूं नये.

थर किती, याचा ढोबळ नियम असा कीं, त्या खोलींत प्रौढ माणसाला अंगावर पांघरूण न घेतां जितके कपडे सुखाचे वाटतात, त्याहून बाळाला एक थर अधिक द्यावा. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत दोन द्यावेत. अपुऱ्या दिवसांच्या अथवा फार कमी वजनाच्या मुलांना हा नियम लागूं नाहीं. त्यांना वस्त्रापेक्षां आईच्या अंगाचीच ऊब हवी. कोलंबियांतील बोगोटा येथें १९७८ च्या सुमारास डॉ. एडगर रे यांनीं सुरू केलेली कांगारू-पद्धत हीच, आणि ती आज जगभर मान्य झाली आहे.

उन्हाळ्याचें वस्त्र निवडणें सर्वांत सोपें, तरी त्यांतच चुका फार होतात. मे महिन्यांत नागपुराकडे दिवसाचें तापमान ४२ अंशांच्या पुढें जातें आणि भिंती रात्रीं उशिरांपर्यंत तापलेल्या राहतात. खोली २८ अंशांहून अधिक गरम असेल तर बिनबाह्यांचें मलमलीचें एक झबलें व लंगोट पुरे. कापड सुती, विरळ विणीचें आणि अनेकदां धुतलेलें असावें. नव्या कापडांत खळ असते. ती निघेपर्यंत कापड घाम टिपीत नाहीं व कोंवळ्या कातडीला घांसतें. आजीच्या जुन्या लुगड्याचें झबलें शिवण्याची जुनी रीत या दृष्टीनें अतिशय शास्त्रीय होती. नायलॉन, जरी, खड्याची नक्षी हें सारें बारशाच्या दिवशीं तासभर शोभावें. झोंपेच्या वेळीं त्याचें काम नाहीं. डांसांसाठीं अंगभर कपडे चढविण्यापेक्षां पाळण्यावर मच्छरदाणी लावणें बरें.

कोंकणांतला व मुंबईचा पावसाळा ही निराळी परीक्षा. तेथें थंडी थोडी, पण हवा दमट असते. वलणीवरचीं दुपटीं दोन दोन दिवस वाळत नाहींत आणि घाईंत तीं दमटच वापरलीं जातात. त्यांतील धोका आंकड्यांनीं पहावा. १ ग्रॅम पाण्याची त्वचेवरून वाफ होतांना सुमारें ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. येथें कॅलरी ती लहान, म्हणजे १ ग्रॅम पाणी १ अंशानें तापविणारी. तीन किलो वजनाच्या बाळाचें शरीर १ अंशानें निवण्यास जवळजवळ अडीच हजार कॅलरी जाव्या लागतात. याचा अर्थ असा कीं, ओल्या लंगोटांतील चहाचा चमचाभर पाणी जर सर्वस्वीं बाळाच्याच उष्णतेनें वाळलें, तर तेवढ्यानें त्याचें अंग १ अंशानें उतरविण्याइतकी ऊब खर्ची पडते. शरीर ती भरून काढतें हें खरें, पण तो खर्च दुधाच्या जमेंतून होतो. म्हणून पावसाळ्यांत जाड कपड्यांपेक्षां कपड्यांची संख्या अधिक लागते. पातळ सुती झबलीं व लंगोट पुष्कळ असावेत. दमट राहिलेला कपडा इस्त्री फिरवून पुरता कोरडा करावा. आणि रात्रीं एकदां तरी अंगाखालचें दुपटें हातानें चांचपून पहावें. ओलें मूल रडतें तेव्हां त्याला वरून आणखी एक पांघरूण घालणें म्हणजे ओल झांकणें होय.

हिंवाळ्यांत मात्र थरांची योजना विचारपूर्वक करावी. अंगालगत नेहमीं पातळ सुती कापड असावें, कारण तें घाम टिपतें. त्यावर पुऱ्या बाह्यांचें फलालिनीचें अंगडें, पायांत सैल मोजे, आणि खोली १६ ते १९ अंशांपर्यंत उतरत असेल तर वरून एक लोंकरी थर. लोंकर आपल्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल शोषूनहि हाताला ओली लागत नाहीं व आपली हवा धरून ठेवते. हा तिचा मोठा गुण. पण ती टोंचते, म्हणून ती अंगाला थेट लागूं देऊं नये. अंगडें पुढून उघडणारें असावें, म्हणजे झोंपलेल्या बाळाला न उठवितां थर घालतां-काढतां येतो. बंद आंखूड असावेत. गळ्याशीं लांब नाडी, दोऱ्यांत ओंवलेले मणि अथवा सैल बटण कदापि असूं नये. गोधडी अंगाखालीं सपाट व ताणून घालावी. ती तोंडावर सरकण्याची भीति असल्यानें वर्षाच्या आंतील मुलाच्या अंगावर मोकळी टाकूं नये. उशी, लोड व कापसाचीं खेळणींहि पाळण्यांत नकोत.

कुंची व कानटोपी यांबद्दल घरोघरीं मोठा आग्रह असतो. जन्मानंतरच्या पहिल्या तासांत, आणि पुढें बाळाला बाहेर नेतांना, टोपडें अवश्य घालावें. डोक्याच्या त्वचेचा वांटा किती मोठा असतो तें वर आलेंच आहे. परंतु सुदृढ मूल घरांत झोंपलेलें असतांना टोपी काढून ठेवावी. ती डोळ्यानाकावर घसरते, आणि उष्णतेची उरलेली खिडकी बंद करते. दुपट्यांत बाळ गुंडाळण्यालाहि मर्यादा आहे: छातीवर बोटें जातील इतकें तें सैल असावें, पाय आंत वाकवून हलवितां यावेत, आणि मूल कुशीवर वळूं लागल्याचीं चिन्हें दिसतांच ही रीत बंद करावी. वळलेल्या बाळाला बांधलेल्या हातांनीं पुन्हां उताणें होतां येत नाहीं.

आणखी दोन धोके हिंवाळ्याबरोबरच घरांत शिरतात. पहिला पेटींतून. वर्षभर डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले लोंकरी कपडे काढले जातात व तसेच बाळाला चढविले जातात. पुष्कळशा गोळ्यांत नॅफ्थलीन असतें. रक्तांतील जी-सिक्स-पीडी नांवाचें द्रव्य जन्मतःच कमी असलेलीं मुलें भारतांतहि आढळतात. अशा मुलाच्या तांबड्या रक्तपेशी नॅफ्थलीनमुळें फुटूं लागतात आणि त्याला तीव्र कावीळ होऊं शकते. बाळाचे कपडे अशा गोळ्यांत ठेवूंच नयेत. कडुनिंबाचा वाळला पाला बरा. आधींच ठेवले असतील तर ते नीट धुऊन, कडक उन्हांत वाळवून, वास पुरता गेल्यावरच वापरावे. दुसरा धोका शेगडींतून. दारें-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी रात्रभर ठेवल्यास तिच्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वासहीन विषारी वायु निघतो. थंडीचें निवारण वस्त्रानें करावें. निखारा झोंपेच्या खोलीबाहेर ठेवावा.

अलीकडे शहरांत वातानुकूलन यंत्रें आल्यानें मे महिन्यांतहि खोलींत हिंवाळा आणतां येतो. यंत्र २४ ते २६ अंशांवर ठेवावें, वाऱ्याचा झोत पाळण्यावर येऊं देऊं नये, आणि त्या खोलीपुरतें पातळ सुती पुऱ्या बाह्यांचें वस्त्र घालावें. दुकानांत मिळणाऱ्या झोंपेच्या पिशव्यांवर "टॉग" असा आंकडा असतो. हें उबेचें माप मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्यें १९४० च्या दशकांत ठरलें. कपड्यांना असलेल्या एका बोलीभाषेंतील इंग्रजी शब्दावरून तें नांव पडलें. सुमारें २४ अंश व त्यावरील खोलीस अर्धा टॉग, २१ ते २३ अंशांस एक, आणि १६ ते २० अंशांस अडीच, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्यावरून हें सहज ध्यानांत यावें कीं, अडीच टॉगची पिशवी ब्रिटनच्या थंड खोल्यांसाठीं आहे; मुंबईच्या रात्रींत तिला क्वचितच जागा मिळेल. पिशवी बिनबाह्यांची असावी आणि तिचा गळा बाळाच्या डोक्याहून लहान असावा, म्हणजे डोकें आंत घसरणार नाहीं. तिच्यावर आणखी पांघरूण घालूं नये.

एवढा विचार करूनहि शेवटचा निर्णय आंकड्यावर सोडतां येत नाहीं. एक मूल अंगानें भरलेलें असतें, एक किरकोळ. एक दूध पिऊन लगेच घामेजतें, दुसरें नाहीं. तापमापक खोलीची बातमी देतो, बाळाची बातमी बाळाच्याच अंगावरून घ्यावी लागते. रात्रीं दूध पाजायला उठावेंच लागतें. त्या वेळीं कोरड्या, उबदार हाताची पाठ एकदां पोटाला, एकदां तळपायाला आणि एकदां मानेमागें लावावी. आजी व सून यांनीं एकाच रात्रीं, एकाच ठिकाणीं हात लावून पाहिला तर त्यांच्यांत वादाला फारसें कारण उरणार नाहीं. आणि दोघींच्या मधें पाळण्यांत तें बाळ उताणें, उघड्या डोक्यानें, कोरड्या झबल्यांत शांत निजलेलें असेल.